गाणं कधी सुरू होणार? स्पेस म्युझिक, ॲम्बियंट आणि २७ दिवसांचा लूप

आजचा भाग ऐकणारे असोत की इथे वाचणारे, दोघांना एकच विनंती: इअरफोन जवळ ठेवा. हे संगीत फोनच्या स्पीकरवर ऐकणं म्हणजे रात्री पार्सल आणलेली भेळ सकाळी खाणं. पदार्थ तोच, पण मजा गेलेली. खालचे सूर त्या एवढ्याशा स्पीकरमधून बाहेर येतच नाहीत, आणि इथे अर्धा खेळ खालच्या सुरांचाच आहे.

सुरुवात तुम्हाला माहीत असलेल्या आवाजापासून करू. विंडोज ९५ सुरू होताना जो एक चमचमणारा, पसरत जाणारा आवाज यायचा, तो आठवा. नसेल आठवत तर आत्ता शोधा, सहा-एक सेकंदांचा आहे. तो ब्रायन ईनो नावाच्या ब्रिटिश संगीतकाराने केला. कंपनीने त्याला भलीमोठी विशेषणांची यादी दिली होती आणि लांबी सांगितली होती सव्वातीन सेकंद. तो स्वतः सांगतो की त्याने असे ८४ तुकडे केले. आणि केले कशावर, तर मॅकवर. हे ऐकून मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकटीच हसले होते.

म्हणजे बघा, आपल्यातल्या कितीतरी जणांनी ॲम्बियंट संगीत आधीच ऐकलेलं आहे, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, चपला बाहेर काढून.

मला हे संगीत सापडलं ते कामामुळे. बीटेक झालं, पुण्यात नोकरी लागली आणि पहिल्या वर्षातच ऑन-कॉल आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आठवडाभर रात्री-अपरात्री सर्व्हर पडला की फोन तुमच्या उशाशी बोंबलणार. अलर्ट आला की उठायचं, लॉग बघायचे, दुरुस्त करायचं, आणि मग झोप येत नाही. तीन वाजता काय ऐकणार? हिंदी गाणी लावली की त्यांचे शब्द डोक्यात घुसतात आणि कोड वाचता येत नाही. पूर्ण शांतता ठेवली तर पंख्याचा आवाज ऐकत बसायचं. तेव्हा टीममधल्या एका सीनियरने सांगितलं, सोमा एफएम लाव.

सोमा एफएम हे सॅन फ्रान्सिस्कोहून चालणारं इंटरनेट रेडिओ स्टेशन. २००० सालापासून चालू आहे, जाहिराती नाहीत, ऐकणाऱ्यांच्या वर्गणीवर चालतं. त्यात वेगवेगळी चॅनल्स आहेत. एकाचं नाव ड्रोन झोन, एकाचं डीप स्पेस वन. मिशन कंट्रोल नावाच्या चॅनलवर तर नासाच्या मोहिमांमधलं बोलणं आणि मागे हे संगीत असं मिसळलेलं असतं. मी ड्रोन झोन लावलं. पहिली दहा मिनिटं मला वाटलं, स्ट्रीम अडकलंय. खरंच. मी नेटवर्क टॅब उघडून बघितलं, डेटा येतोय का. डेटा येत होता.

तर हे आहे काय? दोन वेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. मीही बोलताना करते, पण फरक माहीत असलेला बरा.

पहिली वाट जर्मनीची. साठच्या दशकाचा शेवट, पश्चिम बर्लिन. युद्धानंतर जन्मलेली, नाहीतर युद्धात अगदी लहान असलेली पिढी. घरातल्या मोठ्यांचं गोडगोड जर्मन पॉप त्यांना नको होतं, आणि अमेरिकन-इंग्लिश रॉकची नक्कल करायचाही कंटाळा आला होता. मग मागचं काहीच नसलेलं संगीत कुठून आणायचं? त्यांनी थेट अवकाशाकडे बघितलं. एडगर फ्रोझेने १९६७ मध्ये टॅंजरीन ड्रीम हा ग्रुप काढला. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर ड्रम वाजवणारा क्लाउस शुल्झे पुढे स्वतंत्र झाला आणि अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे करू लागला. त्याचं १९७५ चं 'टाइमविंड' ऐका. रेकॉर्डची एक बाजू म्हणजे एकच तुकडा.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण इंजिनिअर म्हणून माझा जीव ज्यात अडकला ती गोष्ट इथे आहे. सिक्वेन्सर.

मूग कंपनीच्या त्या काळच्या सिंथेसायझरमध्ये एक मॉड्यूल असायचं. त्यावर आठ खाने, प्रत्येक खान्याला एक बटण. बटण फिरवून तुम्ही त्या खान्याचं व्होल्टेज ठरवायचं. मग एक घड्याळ टिकटिक करत पहिल्या खान्यापासून आठव्यापर्यंत जाणार आणि परत पहिल्यावर येणार. प्रत्येक व्होल्टेज म्हणजे एक सूर. एक व्होल्ट वाढलं की सूर बरोबर एक सप्तक वर. आला ना लक्षात? आठ आकड्यांचा ॲरे आणि त्यावर न संपणारा फॉर लूप. वाजवणारा माणूस सूर वाजवतच नाही, तो लूप चालू असताना ॲरेमधल्या किमती बदलत राहतो. प्रॉडक्शनवर थेट बदल करणं म्हणा हवं तर. आमच्याकडे असं कुणी केलं तर मीटिंग लागते.

टॅंजरीन ड्रीमचा 'फेड्रा' हा अल्बम १९७४ चा. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशरमधल्या द मॅनर नावाच्या स्टुडिओत रेकॉर्ड केला, फ्रोझे, क्रिस्टोफर फ्रांके आणि पीटर बाउमान या तिघांनी. फ्रांकेकडे मूग होता, आणि तो मूग भयंकर लहरी. आतले ऑसिलेटर तापले की सूर सरकायचा. सकाळी लावलेलं यंत्र दुपारी बेसूर. शीर्षकाचा तुकडा १७ मिनिटांहून थोडा जास्त आहे. त्यातला तो धडधडणारा खालचा पट्टा लक्ष देऊन ऐका: तो हळूहळू सरकतो, घसरतो, कुठेतरी हात त्याला परत वर ढकलतो. सूर लावण्याची खटपट चालू असतानाच टेप फिरत होती असं त्या रेकॉर्डिंगबद्दल सांगतात. त्यांनी ते पुसलं नाही. शेवटाकडे तर सगळी यंत्रं विरून जातात आणि खेळणाऱ्या मुलांचे आवाज येतात. कुठल्याही गाण्याच्या व्याख्येत न बसणारी ही रेकॉर्ड इंग्लंडच्या अल्बमच्या यादीत १५ व्या नंबरपर्यंत गेली. आजच्या सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये हे सूर सरकणं मुद्दाम घालायचं वेगळं बटण असतं. ५० वर्षांपूर्वीचा बग आज पैसे देऊन घ्यायचा.

दुसरी वाट ईनोची, आणि ती अंथरुणातून सुरू होते. जानेवारी १९७५. लंडनमध्ये त्याला टॅक्सीने उडवलं, तो घरी पडून. मैत्रीण ज्युडी नायलन भेटायला आली आणि जाताना हार्पच्या संगीताची रेकॉर्ड लावून गेली. आवाज अगदी कमी, त्यात स्टिरिओची एक बाजू बंद, बाहेर पाऊस. त्याला उठून आवाज वाढवता येईना. मग तसंच ऐकताना त्याला वाटलं की संगीत हे पावसासारखं, खोलीतल्या उजेडासारखंही असू शकतं. ही कथा सगळीकडे सांगतात. नायलनबाईंचं म्हणणं मात्र वेगळं आहे: चुकून वगैरे काही झालं नव्हतं, पावसाचा आणि हार्पचा आवाज एकमेकांत नीट बसावा म्हणून तिने तो जुळवला होता. मला तिचं जास्त पटतं. दंतकथेत बायका नेहमी रेकॉर्ड लावून निघून जातात.

१९७८ मध्ये ईनोने 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' काढलं आणि त्यावर 'ॲम्बियंट १' असा शिक्का मारला. तिथून हे नाव रूढ झालं. त्यातला दुसरा तुकडा, नाव फक्त '२/१', हा आजच्या भागाचा खरा नायक. त्यात वाद्यच नाही. बायकांच्या आवाजातला नुसता 'आऽऽ', एका वेळी एकच सूर, टेपवर रेकॉर्ड केलेला. मग प्रत्येक सुराच्या टेपची दोन टोकं चिकटवून लूप केला. टेप एवढ्या लांब होत्या की स्टुडिओतल्या खुर्च्यांच्या पायांभोवतून फिरवाव्या लागल्या. मेख अशी की प्रत्येक लूपची लांबी वेगळी. ईनोने नंतर एका भाषणात काही लांब्या सांगितल्या: एक सूर साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा २५ पूर्णांक ७/८ सेकंदांनी, तिसरा २९ पूर्णांक १५/१६ सेकंदांनी.

हे वाचल्यावर मी काय केलं असेल? लसावि काढला. पाचवी-सहावीतला, तोच. सेकंदाचे सोळा भाग धरले तर हे तीन लूप होतात ३७६, ४१४ आणि ४७९ भागांचे. ४७९ ही मूळ संख्या, त्यामुळे ती कुणाशीच जुळवून घेत नाही. लसावि येतो ३,७२,८१,५२८. परत सेकंद केले की २३ लाख ३० हजार आणि वर थोडे. म्हणजे जवळजवळ २७ दिवस. तीन सूर, प्रत्येक अर्ध्या मिनिटाच्या आतला, पण ते तिघे सुरुवातीला जसे एकत्र निघाले तसे परत एकत्र यायला २७ दिवस लागतील. आणि तुकड्यात लूप तीनपेक्षा जास्त आहेत. रेकॉर्डवर आपल्याला त्यातली नऊ-एक मिनिटं ऐकू येतात. एवढीशी सामग्री, तीन ओळींचा कोड, आणि आउटपुट जवळजवळ कधीच परत न येणारं. मी त्या रात्री पायथनमध्ये लिहून चालवून बघितलं, तीन साइन वेव्ह घेऊन. बायकांचा आवाज नव्हता, तरी अंगावर काटा आला.

आता हे मी इतकं रंगवून सांगतेय, पण हे संगीत मला कळलं ते त्या गणितामुळे नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबांची बायपास झाली, मिरजेत. आम्ही सांगलीचे. मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन गेले. रात्री एकानेच थांबायचं होतं, दादा दिवसा आणि मी रात्री. ऑपरेशननंतरच्या त्या पाच रात्री मी अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर काढल्या. तिथे बसलेल्या माणसाची अवस्था ज्याने काढली त्याला माहीत. दार उघडलं की सगळे एकदम उभे राहतात, मग ज्याचं नाव नाही ते हळूच खाली बसतात.

पहिल्या रात्री मी गाणी लावायचा प्रयत्न केला. अजय-अतुल लावलं, ते गाणं मला रडवणार होतं, आणि मला रडायचं नव्हतं. किशोर लावला, तो मला बरं वाटवायला निघाला. भजन लावलं तर छातीत धस्सच झालं. प्रत्येक गाणं काहीतरी मागत होतं. मग '२/१' लावलं, सगळ्यात कमी आवाजात, एकाच कानात. दुसरा कान दाराकडे. आणि त्या सुरांनी काहीच मागितलं नाही. ट्रॉलीची चाकं, पाण्याच्या कूलरचा घुर्र, मावशींच्या बादलीचा आवाज हे सगळं त्यातच बसलं. एक सूर यायचा, जायचा. पुढचा कधी येईल ते ठरलेलं नाही. वाट बघण्याचं काम निदान दोघांनी वाटून घेतल्यासारखं झालं.

नंतर कळलं की ईनोला हे कोलोनच्या विमानतळावर बसलेला असताना सुचलं होतं. तिथलं वाजणारं गुळगुळीत संगीत त्याला खटकलं. विमानात बसणाऱ्या प्रत्येकाच्या मनात मरणाची भीती कुठेतरी असते आणि हे संगीत ती नाहीच असं भासवतं, असं त्याचं म्हणणं. त्याला असं काहीतरी हवं होतं ज्यात ती भीती असली तरी चालेल. लोक ॲम्बियंटला 'रिलॅक्सिंग' म्हणतात ना, तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं. मी त्या बाकावर अजिबात रिलॅक्स नव्हते. बाबा बरे आहेत आता, रोज चार किलोमीटर चालतात आणि मला सल्ले देतात.

मिरजेचा विषय निघालाच आहे तर आत्याची गोष्ट सांगते. आत्या गाते; क्लास घेते. दवाखान्याच्या त्या आठवड्यात मी दुपारी तिच्याकडे झोपायला जायचे. एकदा तिच्या कानात इअरफोन घालून फेड्रा लावलं. तीन मिनिटं तिने मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "छान आहे गं. पण गाणं कधी सुरू होणार ह्यात?"

मी म्हटलं, "आत्या, हेच गाणं."

"असं होय. म्हणजे नुसता तंबोराच की."

आणि मग ती जे बोलली ते मी नोट्समध्ये लिहून ठेवलंय. तंबोऱ्याच्या चार तारा. पंचम, दोन जोडीच्या, खरज. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या ते बनवणारी घराणी आहेत. घोडीवर तारेखाली बारीक दोरा सरकवला की जवारी खुलते, तार नुसती वाजत नाही, तिच्यातून वरचे सूर झिरपायला लागतात. दोरा केसभर इकडेतिकडे झाला की सगळं मिटलं. हवा बदलली की उतरतो, मैफिलीच्या मध्ये परत लावावा लागतो. "लोक समजतात तो मागे वाजतो," आत्या म्हणाली, "आम्ही त्याच्या आत बसून गातो." फ्रांकेचा तापणारा मूग आणि पावसाळ्यात उतरणारा तंबोरा. ऑसिलेटरमधले जादा सूर फिल्टरने उघडायचे, तारेतले दोऱ्याने.

आता लगेच 'बघा, सगळं मूळ आपलंच' असं फॉरवर्ड करू नका. तसं नाही. दुवा खरा आहे, पण नागमोडी आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, त्यांची कबर तिथल्या मीरासाहेब दर्ग्यात आहे. त्यांच्याच किराणा घराण्यातले पंडित प्राणनाथ, अब्दुल वहीद खाँचे शिष्य, १९७० मध्ये अमेरिकेला गेले आणि टेरी रायली, ला मॉंट यंग हे संगीतकार त्यांचे गंडाबंध शिष्य म्हणावेत असे झाले. पण रायली टेपच्या लूपवर प्राणनाथांना भेटायच्या आधीपासून काम करत होता. त्याचं 'अ रेनबो इन कर्व्ह्ड एअर' १९६९ चं. म्हणजे ही माणसं आपल्या वाटेने निघालेली होती, आणि वाटेत त्यांना तंबोरा भेटला. मला ही गोष्ट जास्त आवडते.

आणि अगदी आपल्या देशातलं अवकाश-संगीत हवं असेल तर ते आहे. अहमदाबादच्या एनआयडीत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरच्या मदतीने मूग बसवला गेला. गीता साराभाई, अतुल देसाई आणि आणखी काहींनी १९७२ पर्यंत त्यावर काम केलं. मग टेप संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराने त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांचा संग्रह निघाला. त्यात जिनराज जोशीपुरा यांच्या तुकड्याचं नाव आहे 'स्पेस लायनर २००१'. फेड्राच्या आधीचं, साबरमतीच्या काठचं. यूट्यूबवर शोधा आणि मग मला सांगा.

एक तक्रार. ॲपवर 'फोकस', 'डीप स्लीप' अशा नावांच्या ज्या प्लेलिस्ट असतात, त्यात बहुतेक तुकडे दोन-अडीच मिनिटांचे का असतात, विचार केलाय? स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक प्ले मोजला जातो. शुल्झेचा अर्धा तास ऐकलात तरी एक प्ले, आणि अडीच मिनिटांचे बारा तुकडे ऐकलेत तर बारा. सिस्टीम ज्याला मोजते तेच वाढतं, हे आपल्या धंद्यातलं पहिलं तत्त्व. माझ्या आधीच्या कंपनीने तर ग्रुपवर 'फोकस प्लेलिस्ट' टाकली ती बरोब्बर त्याच आठवड्यात, ज्या आठवड्यात शनिवारी कामाला यायला सांगितलं. काम जास्त व्हावं म्हणून हे ऐकायला माझी ना नाही, मीही तशीच आले इथे. पण निदान कधीतरी लॅपटॉप मिटून ऐका.

कुठून सुरू करायचं, हा प्रश्न मेलमध्ये येणारच. फेड्रापासून नको, पळून जाल. ईनोचं 'ॲन एंडिंग (असेंट)' आधी. चार-साडेचार मिनिटांचं आहे, १९८३ च्या 'अपोलो' अल्बममधलं. चंद्रमोहिमांवरच्या माहितीपटासाठी ईनो, त्याचा भाऊ रॉजर आणि डॅनियल लानवा यांनी केलेला अल्बम. त्यातल्या काही तुकड्यांमध्ये अमेरिकन कंट्री संगीतातली गिटार आहे, कारण अंतराळवीरांनी बरोबर नेलेल्या कॅसेटमध्ये कंट्री भरपूर होतं. चंद्रावर जाताना माणूस गावाकडची गाणी घेऊन गेला, मला हे फारच आवडलं. त्यानंतर स्टीव्ह रोचचं 'स्ट्रक्चर्स फ्रॉम सायलेन्स', १९८४ चं. शीर्षकाचा तुकडा जवळजवळ अर्धा तास. हा गडी आधी मोटारसायकलच्या शर्यतीत उतरायचा, आणि संगीत मात्र झोपलेल्या माणसाच्या श्वासाएवढं संथ. ते जमलं की फेड्रा. ब्लेड रनर सिनेमा आवडला असेल तर व्हॅंगेलिस तुम्हाला वेगळा सांगायला नको. टॅंजरीन ड्रीमचं 'झाइट' मात्र आत्ता बाजूला ठेवा. मला स्वतःला ते तिसऱ्या खेपेला पेललं, आणि तेही थंडीत.

ऐकताना आवाज कमी ठेवा, नेहमीपेक्षा दोन खुणा खाली. नोटिफिकेशन बंद. बसमध्ये चालेल, लोकलमध्ये दाराशी उभे असाल तर नको, एक कान मोकळा लागतो.

पुढच्या भागात मुंबईचे चरणजित सिंग, त्यांचं १९८२ चं राग आणि डिस्को बीटचं अफाट प्रकरण. तो भाग मात्र मोठ्या आवाजात ऐकायचा. तोपर्यंत '२/१' लावा, फोन पालथा ठेवा. २७ दिवसांनी भेटू म्हणणार होते, पण भाग दर पंधरवड्याला येतो.